अनिकुलापो: कापड जमलं, दरबार निसटला

ऐतिहासिक चित्रपट म्हटलं की मराठी प्रेक्षकाला आधी तलवारींचा खणखणाट ऐकू येतो आणि पाठोपाठ जयघोष. त्या सवयीने नायजेरियाचा ‘अनिकुलापो’ लावला, तर पहिला अर्धा तास चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. काळ सतराव्या शतकातला. राज्य ओयोचं, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या बलाढ्य राज्यांपैकी एक. आणि नायक कोण, तर पोटासाठी गाव सोडून राजधानीत आलेला एक विणकर. रणांगण नाही, आक्रमक नाही, गोऱ्या साहेबाशी झगडाही नाही.

कुनले अफोलायन यांनी दिग्दर्शित केलेला हा योरुबा (नैर्ऋत्य नायजेरियातला एक मोठा समाज आणि त्याची भाषा) चित्रपट ३० सप्टेंबर २०२२ रोजी नेटफ्लिक्सवर आला. लांबी १४२ मिनिटं, पटकथा शोला दादा यांची, छायाचित्रण जोनाथन कोव्हेल यांचं. वसाहतपूर्व योरुबा जगावरच्या चित्रपटांची एक लाटच पुढच्या दोन वर्षांत नेटफ्लिक्सवर आली. २०२३ मध्ये ‘जगुन जगुन’ आला, २०२४ मध्ये ‘हाऊस ऑफ गाआ’ आला. ‘अनिकुलापो’ त्या लाटेच्या तोंडाशी होता. इंग्रज येण्याआधीचा काळ पडद्यावर उभा करताना काय साधतं आणि काय हातून जातं, हे तपासायला एकच चित्रपट घ्यायचा तर मी हाच घेईन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या चित्रपटाला वस्तू कळल्या आहेत, संस्था कळलेल्या नाहीत. कापड, माती, वेण्या, बाजार या बाबतीत तो पक्का आहे. राज्य चालायचं कसं, याबाबतीत गाफील. त्याचा पूर्वार्ध भरीव आणि उत्तरार्ध पोकळ का वाटतो, याचं उत्तर मला यातच सापडतं. पुढे शेवटासकट सगळी गोष्ट येणार आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.

गोष्ट

सारो नावाचा तरुण विणकर ओयोत येतो. ओळख ना पाळख. अवारून नावाची एक श्रीमंत, वयाने मोठी, एकटी राहणारी बाई त्याला आसरा देते, धंद्यात जम बसवून देते आणि त्या बदल्यात त्याला शय्येवरही घेते. तिच्यामुळे सारोचं कापड राजवाड्यापर्यंत पोचतं. तिथे राजाची सगळ्यात धाकटी राणी अरोलाके सवतींच्या जाचाने पिचलेली आहे, म्हाताऱ्या नवऱ्याला विटलेली आहे. दोघांचं जमतं. पळून जायचा बेत ठरतो, गुपित फुटतं, आणि सारोला मार मार मारून जंगलात टाकून दिलं जातं.

इथून लोककथा सुरू होते. मेलेल्यात जीव ओतणारा अकाला नावाचा पक्षी सारोच्या प्रेताशी येतो. अरोलाके तिथे असते. सारो उठतो, आणि पक्ष्याची शक्ती ज्यात आहे तो इवलासा तुंबा या दोघांच्या हाती लागतो. दोघं ओजुमो नावाच्या गावी जाऊन संसार मांडतात. तुंब्याच्या जोरावर सारो मेलेल्यांना उठवू लागतो आणि लोक त्याला अनिकुलापो म्हणू लागतात, म्हणजे मृत्यूला बटव्यात बाळगणारा. (संगीतकार फेला कुटी यांनीही हेच नाव घेतलं होतं, त्यामुळे नायजेरियन प्रेक्षकाच्या कानाला ते ओळखीचं.) मग पैसा, मान, माज. अरोलाकेला मूल होत नाही. घरात दुसऱ्या बायका येतात. तिथला राजपुत्र मरतो तेव्हा त्याला उठवायचं मोल म्हणून सारो राजकन्येचा हात मागतो. अरोलाके शांतपणे तुंबा रिकामा करते. सारो ऐनवेळी उघडा पडतो आणि राजाच्या रोषाला बळी जातो.

ज्याचं चित्र नाही, ते गाव

ओयोची जुनी राजधानी ओयो-इले. १८३० च्या दशकात ती ओस पडली आणि राजघराणं दक्षिणेला नव्या ओयोत गेलं. जुन्या शहराचे अवशेष आज एका राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आहेत. ह्यू क्लॅपर्टन हा ब्रिटिश प्रवासी तिथे पोचला तो १८२६ साली, म्हणजे राज्याला घरघर लागलेली असताना. सतराव्या शतकातल्या ओयोकडे पाहून कुणी काढलेलं चित्र चित्रपटकर्त्याच्या हाताशी नाही. आहे ती मौखिक परंपरा. अलाफिनच्या, म्हणजे ओयोच्या राजाच्या पदरी ‘अरोकिन’ असत. वंशावळी आणि पराक्रम मुखोद्गत ठेवणं हे त्यांचं वंशपरंपरेचं काम. त्यांच्याकडून ऐकून रेव्हरंड सॅम्युएल जॉन्सन यांनी योरुबांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. ते हस्तलिखित इंग्लंडमधल्या प्रकाशकाकडे गहाळ झालं. जॉन्सन वारल्यावर त्यांच्या भावाने टिपणांवरून पुन्हा बांधणी केली आणि ग्रंथ छापून निघाला तो १९२१ मध्ये. आजही ओयोबद्दल बोलणारा प्रत्येकजण कुठे ना कुठे याच ग्रंथाशी येऊन टेकतो.

मग योरुबा चित्रपटवाल्यांनी आजवर काय केलं? त्यांची नाळ फिरत्या नाटकमंडळ्यांशी. ह्यूबर्ट ओगुंदे यांच्यासारखे नटमालक गावोगाव नाटकं करत आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीच मंडळी सिनेमाकडे वळली. कुनले यांचे वडील अडेयेमी अफोलायन ऊर्फ अडे लव्ह त्याच पिढीतले. राजा, मांत्रिक, कपटी सवत, शापित वारसा हा सगळा ऐवज त्या रंगभूमीवरून आलेला आहे. पुढे १९९० च्या दशकात व्हिडिओचं युग आलं, खर्च घटला आणि ‘जुना काळ’ दाखवायची एक स्वस्त रीत ठरून गेली: गवती झोपडी, अंगाला गुंडाळलेलं गिरणीचं कापड, डोक्यावर टोप आणि मागे ढोल. तुंदे केलानी यांच्यासारखा जाणकार दिग्दर्शक अपवाद.

अफोलायन यांनी या रिवाजाला फाटा दिला. आजच्या नायजेरियाच्या ओयो या घटकराज्यातल्या इग्बोजाये इथे त्यांनी मातीच्या भिंतींचं, गवताच्या छपरांचं गावच बांधून काढलं. चित्रीकरणानंतर ते पाडलं नाही. तिथेच चित्रनगरी आणि पर्यटकांची राहायची सोय झाली. पडद्यावर याचा फायदा लगेच जाणवतो. भिंतींना जाडी आहे. दारातून आत गेलेलं पात्र खरोखर आतल्या अंधारात जातं, कारण आत खोली आहे. कोव्हेल यांचा कॅमेरा उजेडाच्या बाबतीत धीट आहे: रात्रीचे प्रसंग दिवट्यांच्या उजेडाएवढेच उजळ ठेवलेत आणि काळ्या कातडीवर तो उजेड कसा पडतो याचा विचार केलाय. जुन्या योरुबा व्हिडिओपटांतली पांढरीफटक रात्र आठवणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

माग

या चित्रपटाची खरी कमाई सारोच्या व्यवसायात आहे. नायक शिकारी किंवा योद्धा न करता विणकर केला, ही पटकथेतली सर्वात हुशार निवड.

योरुबा पुरुषांचा माग अरुंद असतो. ताणा विणकराच्या पुढे लांबवर ओढून नेलेला असतो, त्याच्या टोकाला वजन. विणत जाईल तसा तो ताणा सरपटत जवळ येतो. पायाच्या पावड्यांनी ताण्याचे दोरे वरखाली होतात, हातातला धोटा मधून पळतो, फणीचा ठोका बसतो. कापड निघतं ते चार-पाच इंच रुंदीच्या पट्टीसारखं. अशा अनेक पट्ट्या कडेला कड लावून शिवल्या की अंगभर वस्त्र होतं. हेच ‘असो ओके’. बायकांचा माग वेगळा: उभा, रुंद, घरात भिंतीला लावलेला. माग कोणाचा यावरूनच कळतं की विणणारा बाजारासाठी विणतो की घरासाठी, फिरतीवर निघू शकतो की नाही. सारोसारखा एकटा पुरुष कसबाच्या जोरावर परक्या शहरात पाय रोवू शकतो, ते या व्यवसायामुळे पटतं.

कापडाच्या जातीही बोलतात. ‘सान्यान’ हे जंगली रेशमाचं, आपल्या टसरसारखं मातकट-सोनेरी. ‘एतू’ गडद निळीचं. ‘अलारी’ लाल, आणि त्याचं रेशीम सहारा ओलांडून येणाऱ्या व्यापारातून मिळायचं. म्हणजे ओयोच्या दरबारी माणसाच्या अंगावरच्या एका लाल पट्टीत उंटांचे तांडे आहेत. कवडीचं तसंच. योरुबा बाजारातलं चलन असलेली ती कवडी मूळची मालदीवची. हिंदी महासागरातून युरोपी जहाजांच्या तळाशी भरून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायची. आपल्याकडे भवानीच्या भुत्याच्या गळ्यात जी माळ असते, तिच्यातला शिंपला आणि ओयोच्या बाजारातला शिंपला एकाच समुद्राचा.

हे सगळं चित्रपट भाषण ठोकून सांगत नाही, ही त्याची सभ्यता. सारो विणतो, अवारून कापड हातात घेऊन जोखते, राजवाड्यातून मागणी येते. कपड्यांवरून पत कळते, पतीवरून कोण कोणाशी कसं बोलेल ते कळतं. पहिल्या तासाभरात ओयो हे चालतंबोलतं शहर वाटतं, कारण लोक काहीतरी करत असतात. वसाहतपूर्व आफ्रिका म्हणजे एकतर रानटीपणा नाहीतर गमावलेला स्वर्ग, या दोन्ही ठोकळ्यांतून चित्रपट इथे अलगद सुटतो. माणसं कामाला जातात, भाव करतात, दुसऱ्याच्या घरात डोकावतात.

अवारून

शोला सोबोवाले यांच्या अवारूनसाठी स्वतंत्र परिच्छेद हवाच. योरुबा समाजात व्यापार हा बायकांचा प्रांत. बाजारावर त्यांची हुकमत आणि ‘इयालोडे’सारखी मानाची पदंही. अवारून त्या जगातली आहे. तिला सारो हवा आहे आणि ते ती लाजत नाही, लपवत नाही. सोबोवाले हसतात तेव्हा आवाज घशातून न येता पोटातून येतो. सारोकडे बघताना त्या गिऱ्हाइकाने माल बघावा तशा बघतात. अशी बाई एरवी पडद्यावर आली की तिला चेटकीण तरी ठरवतात, नाहीतर तिची कीव तरी करतात. इथे निदान पूर्वार्धात तसं होत नाही.

दुःख हे की कथा ओयो सोडते तेव्हा अवारूनलाही मागे टाकून जाते. चित्रपटातलं सर्वात जिवंत पात्र मध्यावर हरवतं आणि तिच्या तोडीचं कोणी नंतर येत नाही. बिम्बो अडेमोये यांची अरोलाके चांगली आहे, विशेषतः गप्प असताना. घरात नवी बायको येते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही, हिशेब दिसतो. पण तो हिशेब पोचेपर्यंत पटकथेने तिला तासभर सोसायला लावलंय. कुनले रेमी यांचा सारो नम्र असेपर्यंत गोड, माजल्यावर एकसुरी. त्यात नटाचा दोष कमी. त्याला माज चढतो तो दोन प्रसंगांच्या मधल्या फटीत, आपल्याला न दाखवता.

दरबार कुठे गेला?

आता दुखऱ्या जागेकडे येतो.

ओयो ही एकट्या राजाची मर्जी नव्हती. अलाफिन देवासमान, वर्षातल्या मोजक्या उत्सवांतच लोकांसमोर येणारा, चेहऱ्यावर मण्यांच्या झालरी असलेला मुकुट घालणारा. पण त्याच्या डोक्यावर ‘ओयो मेसी’ म्हणजे सात सरदारांचं मंडळ होतं आणि त्या सातांचा म्होरक्या ‘बशोरुन’. राजा निवडायचा तो या मंडळाने. राजा नकोसा झाला तर त्याला नाकारायचा अधिकारही त्यांचाच. परंपरा सांगते की अशा वेळी राजापुढे रिकामा तुंबा किंवा पोपटाची अंडी ठेवली जात. अर्थ उघड होता, राजाने स्वतःच मरायचं. अठराव्या शतकात बशोरुन गा याने हे हत्यार इतकं वापरलं की एकामागून एक राजे संपवले, आणि अखेर १७७४ मध्ये अलाफिन अबिओदुनने त्याचा काटा काढला. प्रधान धन्याहून भारी होण्याची गोष्ट मराठी वाचकाला नवखी नाही. याखेरीज ‘ओग्बोनी’ ही वडीलधाऱ्यांची मंडळी, अर्धं डोकं भादरलेले ‘इलारी’ हे राजाचे दूत, जनानखान्यापासून न्यायनिवाड्यापर्यंत पसरलेले खोजे. राजवाडा म्हणजे यंत्र होतं.

बायकांचंही तसंच. जॉन्सन यांनी राजवाड्यातल्या पदधारी स्त्रियांची लांबलचक यादी दिली आहे. त्यातली ‘इया केरे’ राजचिन्हांची रखवालदार. राज्याभिषेकात अलाफिनच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा तो तिने. तिने चिन्हं अडवून धरली तर राजाची पंचाईत. ‘इया ओबा’ ही राजाची मानलेली अधिकृत आई. म्हणजे अंतःपुरात सत्ता होती, पदं होती, शह-काटशह होते.

चित्रपटातल्या राजवाड्यात यातलं काय आहे? ताइवो हसन यांचा राजा हा भारदस्त, चिडका, वयस्क नवरा आहे. सरदारमंडळी भोवती दिसतात, पण त्यांच्या होकार-नकारावर कथेत काहीच अडत नाही. राण्या एकमेकींना टोमणे मारतात, धाकटीला छळतात. हे आपण कुठल्याही कौटुंबिक मालिकेत दुपारी पाहू शकतो, त्यासाठी सतराव्या शतकात जायची गरज नाही.

केवळ इतिहासाचा हट्ट म्हणून मी हे काढत नाही. यामुळे कथेचं नुकसान झालंय. अलाफिनच्या राणीशी संबंध ठेवणं हा घरगुती व्यभिचार नव्हता, तो राजपदावर घाला होता. राजाची बायको एक साधा विणकर घेऊन जातो ही बातमी बशोरुनच्या कानावर गेली तर तो ती राजाविरुद्ध वापरू शकला असता. राजाला सारोचा काटा चटकन आणि गुपचूप का काढायचा आहे, याला मग राजकीय कारण मिळालं असतं. खोज्यांची नजर चुकवून अरोलाके बाहेर पडते कशी, हा प्रश्न रहस्यपट होऊ शकला असता. चित्रपटाने तो सोपा करून टाकला आणि सारोची शिक्षा एका मत्सरी नवऱ्याच्या संतापावर आणून ठेवली. राज्य गेलं, उरलं घर.

ओयोचं बळ ज्या घोडदळावर उभं होतं, तेही कथेत कुठे लागत नाही. ओयो सव्हानाच्या पट्ट्यात होतं, घोडे उत्तरेकडून विकत यायचे, आणि त्या घोड्यांच्या जोरावर पुढे अठराव्या शतकात ते शेजारच्या दाहोमेसारख्या राज्याकडूनही खंडणी घेऊ लागलं. लढाई दाखवायला पैसा लागतो, मान्य. पण राजाच्या पागेचा, खंडणी घेऊन आलेल्या माणसांचा, युद्धकैद्यांचा एखादा धागा विणकराच्या कथेत सहज बसला असता. गुलामीचा प्रश्नही कधी कथेच्या मध्यावर येत नाही.

ओजुमोत काय बिघडलं

दरबार कळला नाही तरी पूर्वार्ध तरतो, कारण माग आहे, बाजार आहे, अवारून आहे. ओजुमोत गेल्यावर सारो विणायचं सोडतो. आणि त्याच्याबरोबर चित्रपटही. एकदा नायकाच्या हातात काम उरलं नाही की त्याच्या दिवसात दाखवण्यासारखं काही राहत नाही: कोणीतरी मरतं, लोक रडत येतात, तुंबा निघतो, प्रेत उठतं, भेटी येतात. पुन्हा कोणीतरी मरतं.

इथे खरं तर केवढी मोठी जागा होती. योरुबा विचारात मरण म्हणजे सगळा शेवट नव्हे. पिकल्या वयात गेलेला माणूस पूर्वज होतो आणि ‘एगुंगुन’च्या मुखवट्यातून घरच्यांना भेटायला येतो. उलट ‘अबिकू’ म्हणजे पुनःपुन्हा जन्म घेऊन लहानपणीच मरणारं मूल; ते आईला छळायलाच येतं अशी समजूत. आता या समाजात एक माणूस मेलेल्यांना परत आणू लागला, तर? म्हाताऱ्या बापाला उठवायचं की पूर्वज होऊ द्यायचं? वारसाने वाट पाहायची किती? अबिकूला उठवलं तर आईवर उपकार की अपकार? इफा या कौल लावायच्या पद्धतीचे दैवज्ञ, ज्यांचं पोट आणि मान दोन्ही जन्म-मरणाच्या कौलावर, ते सारोला सुखाने जगू देतील? यातला एक प्रश्न धरला असता तरी उत्तरार्ध उभा राहिला असता. चित्रपटाने धरलं ते सगळ्यात सोपं: गरीब माणूस श्रीमंत झाला, बायका केल्या, पहिलीला विसरला, बुडाला.

म्हणून अरोलाकेने तुंबा रिकामा करणं हा प्रसंग दोन तऱ्हांनी वाचता येतो. नाट्य म्हणून तो पक्का आहे. जिने शक्ती मिळवून दिली तीच काढून घेते, आणि तेही न ओरडता. नायजेरियन प्रेक्षकांत यावर जोरात वाद झाले: दोष सारोचा की तिचा, एवढा सूड बरा का, वगैरे. लोक पात्रांवरून भांडतात तेव्हा पटकथेत दम आहे असंच म्हणावं लागतं. पण हा सूड फक्त घरापुरता राहतो. ओजुमोच्या लोकांनी ज्याला जवळपास देव केलं, त्याच्या पाडावाचं त्यांना काय वाटलं, ते कळत नाही. जी माणसं उठून बसली होती, त्यांचं पुढे काय, हेही लटकत राहतं.

अकाला पक्ष्याचं काम संगणकावर झालंय. अंधारात तो चालून जातो, पूर्ण दिसला की हलका वाटतो, जमिनीवर उतरताना वजन जाणवत नाही. मला याचा फारसा राग नाही. लोककथेतल्या पक्ष्याने थोडं खोटं दिसावं. संगीत मात्र पक्कं, गाणी कथेत विरघळलेली. लांबी वीसेक मिनिटांनी जास्त. शृंगाराची दृश्यं योरुबा चित्रपटाच्या मानाने मोकळी आहेत आणि त्यावर तिकडे कुरकूरही झाली. पूर्वार्धात ती लागतात, उत्तरार्धात मोजणीला धरल्यासारखी येतात.

भाषेबद्दल थोडं. योरुबात म्हण आहे की म्हण हा बोलण्याचा घोडा. बोलणं हरवलं तर म्हणीवर बसून शोधायला निघायचं. चित्रपटातले संवाद अशा वळणांनी भरलेले आहेत आणि मोठ्यांपुढे लहानांनी कसं वाकायचं, पुरुषाने पालथं पडून, बाईने गुडघे टेकून, हे बोलण्याशी जोडलेलं आहे. आपण इंग्रजी अक्षरं वाचत पाहतो. त्यात म्हणींचं सपाट विधान होतं. तरी आवाज बंद करून पाहू नका. चढउतारांवर चालणारी ती भाषा न कळताही कानाला बरंच काही सांगून जाते. कोण कोणाला मान देतोय आणि कोण वरवर देतोय, हे मला दोन-तीनदा अक्षरांआधी आवाजावरून कळलं.

पुढे काय झालं

२०२२ मध्येच ऑस्करसाठी नायजेरियाचा चित्रपट निवडायची वेळ आली. ‘अनिकुलापो’ शर्यतीत होता. शिवाय ‘किंग ऑफ थीव्ह्ज’ आणि वोले सोयिंका यांच्या नाटकावर बियी बांदेले यांनी केलेला ‘एलेसिन ओबा’. तिन्ही योरुबा, तिन्ही पूर्वकाळातले. निवड समितीने बहुमताने कळवलं की पाठवण्याजोगं काही नाही. गदारोळ झाला, काही सदस्यांनी राजीनामे दिले. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता. वर एवढी खोट काढूनही सांगतो, याहून कच्चे ऐतिहासिक चित्रपट दरवर्षी निरनिराळ्या देशांकडून बिनदिक्कत जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांत एकही माग धड दिसत नाही. २०२३ मध्ये आफ्रिका मॅजिक पुरस्कारांत ‘अनिकुलापो’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

१ मार्च २०२४ रोजी ‘राइज ऑफ द स्पेक्टर’ ही पुढची मालिका नेटफ्लिक्सवर आली. मेलेल्या सारोला तिथे जुन्या हिशेबासाठी परतावं लागतं: ज्यांना त्याने उठवलं, त्यांचे जीव परत करायचे. म्हणजे चित्रपटाने लटकत ठेवलेला प्रश्न कर्त्यांनाही टोचत होता. मालिकेच्या ऐसपैस लांबीत राजकारणाला, सरदारांच्या डावपेचांना जागा मिळाली आणि ओयो पुन्हा राज्य वाटू लागलं. फक्त आता सारो विणत नाही.